अंगठ्याची जागा

१३ जानेवारी, सोमवार

धाकटे,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळी ख्यालीखुशालीच्या आणि दोन पानं तुझ्या लेकीची, भिंगरीची, म्हणजे सगळं ठीक नाही हे मला लगेच कळलं. फोन का करत नाहीस म्हणून विचारलंयस. फोनवर मी बोलत सुटते, तू "हं, हं" करतेस आणि बोलायचं तेच राहून जातं. त्यापेक्षा पत्र बरं. आधी कच्चं लिहावं, तपासावं, मग पक्कं उतरवून काढावं. माझी सवय तुला नवी नाही. शाळेत तुझे निबंधसुद्धा मीच पक्के करून द्यायचे, आणि शाबासकी तू घ्यायचीस.

तर मुद्द्याचं. भिंगरी नव्या शाळेत मातीला हात लावत नाही, रंगाला नाही, डिंकाला नाही. हात टेबलाखाली ठेवून बसते आणि "तुम्हीच करा" म्हणते. तिथल्या बाईंनी तिला आळशी ठरवून टाकलं. मार्चअखेरपर्यंत असंच चाललं तर पुढच्या वर्गात न घालता तीन वर्षांच्या पोरांत बसवू म्हणतात. सहा वर्षांची मुलगी! मला आधी त्या बाईंचाच राग आला. तीस वर्षांत मी आळशी मूल पाहिलं नाही. घाबरलेलं पाहिलंय, भुकेलेलं पाहिलंय, झोप न झालेलं तर रोजच पाहते.

"तू यातली जाणकार, तूच सांग" असं लिहिलंस, म्हणून सांगते. तिला वाटाणे सोलायला बसव. बटणांचा डबा पुढ्यात ओत. घरात पीठ मळशील तेव्हा एक गोळा तिच्यापुढे ठेव. कर म्हणू नकोस, छान झालं म्हणू नकोस, शेजारी बसून तुझं काम करत राहा. महिनाभरात हात आपोआप बाहेर येतील.

इकडे पाहुण्यांच्या दिवसाची तयारी सुरू झाली. यंदा अठ्ठावीस मार्चला आहे, मोठी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, नेहमीसारखा. आमच्या वर्गाचा सण म्हणजे एवढाच. स्टेज नाही, नाच नाहीत, फुगेसुद्धा नाहीत. प्रत्येक मुलाने घरचं एक माणूस बोलवायचं, त्याला खुर्ची द्यायची, आणि स्वतः थापलेल्या मातीच्या वाटीतून मनुका पुढे करायच्या. पावाला लावायचं लोणीही मुलंच काढतात, बाटलीत साय घालून हलवून हलवून. यंदा "किटली" नावाचा एक नग आलाय. खुंटीवर किटलीचं चित्र त्याचं. त्याने बाटली एवढ्या जोरात हलवली की झाकण उडालं आणि अर्धी साय काकूंच्या केसांत. आमच्या मदतनीस काकू तुला माहीत आहेतच, त्या म्हणाल्या, "चला, केसांना तेल लावायचं राहिलंच होतं."

वाचता येत नाही तोवर चित्र हेच नाव, हा आमचा जुना नियम. भिंगरी माझ्या वर्गात होती तेव्हा तिने गोगलगाय निवडली, आपण किती हसलो होतो. क्षणभर एका जागी न टिकणारी पोर आणि खुंटीवर गोगलगाय!

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, गेल्या वर्षीच्या त्या प्रकाराचा याच्याशी काही संबंध असेल का. मला नाही वाटत. मुलं विसरतात. तू तेव्हा तिला माझी माफी मागायला लावलीस ते योग्यच होतं.

थंडीत अंगठ्याला जप. बाइंडिंगच्या दुकानातल्या त्या कागद कापायच्या मशीनला आता तरी कोणी कठडा लावलाय का? त्या अपघाताला चार वर्षं झाली, अजून अंगठा वाकत नाही म्हणजे डॉक्टर बदलायला हवा.

तुझी ताई


६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

वाटाणे सोलले, बटणं रंगांप्रमाणे लावली, इथवर सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे झालं. पण पिठाचा गोळा पुढे आल्याबरोबर हात पाठीमागे. का म्हणून विचारलंस तर म्हणाली, "मी केलं की ते नंतर बदलतं." आणि तू लिहिलंस, "मला याचा अर्थ लागत नाही, तुला लागतो का?"

लागतो. म्हणजे थोडाफार लागतो.

गेल्या वर्षी पाहुण्यांच्या दिवशी तू तिथेच होतीस, तरी एकदा सगळं लिहून काढते. मी वाट्यांचा ट्रे फिरवत होते. भिंगरीने आपली उचलली, उलटी करून बुडावरची गोगलगाय पाहिली आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

"ही माझी नाही."

"तुझीच आहे. बघ, गोगलगाय आहे की नाही?"

"गोगलगाय माझी आहे. वाटी माझी नाही."

सगळे पालक हसले. मीही हसले. ती हसली नाही. वर्गात मला ताई म्हणायचं हे तिला पढवून ठेवलं होतं, पण त्या वेळी "मावशी, माझी दे ना" म्हणून तिने भोकाड पसरलं आणि मनुका जमिनीवर गेल्या. तू उठून आलीस आणि विचारलंस, "ताई, तू हात लावलास का हिच्या वाटीला?" मी म्हटलं, "मी कशाला लावू?" मग तू तिचा दंड धरलास. "खोटं बोलायचं नाही. मावशीला सॉरी म्हण." ती म्हणाली सॉरी. अगदी हळू, पण म्हणाली.

आता खरं सांगते. कडा मी जरा सारख्या केल्या असतील. हिच्याच नाही, सगळ्यांच्याच करते. मुलं घरी गेली की ओला फडका घेऊन बसायचं आणि एकेक वाटी हातातून काढायची. बुडाला भोक असतं, भिंत एका बाजूला पातळ असते, वाळताना तडा जातो. मूल सणाच्या दिवशी फुटकी वाटी घेऊन आईपुढे जाईल का? शिवाय पालक "किती सुबक!" म्हणतात आणि मुलांना बरं वाटतं. मुलांना वाटतं, असं माझं मत होतं.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मी फडका भिजवायला घेतला तर काकू म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पंधरा वर्षं बघतेय. पोरं करतात, तुम्ही परत करता, आणि मग मी टेबल पुसते. एका वाटीला तीन माणसांचं काम." मला राग आला. घरी येईपर्यंत गेलाही.

"जरा" हा शब्द मी कच्च्या पत्रात दोनदा खोडला. पक्क्यात पुन्हा लिहिलाय.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

रविवारी तुझा फोन आला आणि मी "बाहेर निघालेय" म्हणून पटकन ठेवला. कुठेही निघाले नव्हते. खुर्चीत बसून होते.

तू म्हणालीस, "कडा सारख्या करणं म्हणजे काय गुन्हा आहे का ताई? आणि एवढ्याशा कडेवरून ही बया वर्षभर रुसून बसली? मी आता हिचे लाड बंद करणार आहे. हात चालवल्याशिवाय झोपाळ्यावर नाही." मला माफ करायला तुला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि मी सांगितलेलं सगळं पोरीच्याच अंगाशी आलं. दोन आठवडे मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते की बाई, सांगितलंस एकदाचं. अर्धंच सांगितलं होतं, आणि अर्ध्याने पूर्ण वाट लावली.

तिला झोपाळ्यावर जाऊ दे. कारण विचारू नकोस, आत्ता एवढंच कर.

बाकी ठीक. वर्गातली मुलं वाट्या थापताहेत. मोठ्या बाई रोज एकदा डोकावून "यंदा नमुना कुठे ठेवलाय?" विचारतात. नमुना आहे फळीवर.

ताई


४ मार्च, मंगळवार

धाकटे,

हे पत्र मी पक्कं करणार नाही. जे खोडलंय ते खोडलेलं दिसेल. दुसरी प्रत काढायला बसले की माझ्या हातून काय काय गुळगुळीत होतं ते मला आता कळून चुकलंय.

काल किटली उशिरापर्यंत थांबला होता. त्याचे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात, त्यांना एखादं घड्याळ पुरं करायचं असलं की नातू विसरायला होतो. पोरगा खिडकीत बसला होता आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत त्याची वाटी उचलली. बाहेरून तिला एक खिसा चिकटवलेला होता, ओबडधोबड, कांगारूसारखा. माझं बोट ओलं होतं. खरं सांगते, बोट खिशापर्यंत पोचलं होतं.

"ते काढू नका," तो म्हणाला. "तिथे आजोबांचं कानातलं मशीन ठेवायचंय. जेवताना ते काढतात आणि मग सगळं घर शोधत बसतं."

मी वाटी खाली ठेवली. तीस वर्षं, वर्षाला वीस-बावीस मुलं. किती खिसे मी पुसून टाकले असतील ते मला ठाऊक नाही. पण एक ठाऊक आहे. ते मला गेल्या वर्षीपासून ठाऊक आहे.

भिंगरीच्या वाटीच्या कडा मी "जरा सारख्या" केल्या नव्हत्या. तिच्या वाटीला एका बाजूने खोल खड्डा दाबलेला होता, आतपर्यंत. दुसऱ्या बाजूला जाडजूड कान होता, गोगलगाईएवढाच मोठा. सगळी वाटी त्या कानाकडे कललेली. अख्ख्या ट्रेमध्ये सगळ्यात वाकडी. आणि माझ्या मनात आलं, की माझ्या भाचीची वाटी सगळ्यात वाकडी कशी दिसेल? पालक काय म्हणतील, ताईंची सख्खी भाची आणि हे? मी कान तोडला. त्याच मातीने खड्डा भरला. मग पंधरा मिनिटं फिरवून फिरवून गुळगुळीत केली. त्या वर्षीची सगळ्यात देखणी वाटी तीच होती.

इतकं सांगून थांबता आलं असतं. पुढचं तुला कुणीच सांगणार नाही, कारण ते आम्हा दोघींतच झालं.

माफी मागून झाल्यावर तू तिचं दप्तर आणायला गेलीस. मी तिच्या बुटाचे पट्टे लावायला खाली बसले. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिथे आईचा अंगठा बसणार होता. तिचा वाकत नाही ना, म्हणून कप निसटतो. मी खड्डा केला होता. आणि कान पण."

मी काय म्हटलं ते ऐक. म्हटलं, "तू करायचं ठरवलं असशील गं. राहून गेलं असेल."

ती म्हणाली, "मी केलं होतं."

मी दुसरा बूट पुढे ओढला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "केलं होतं ना?"

धाकटे, ती मला विचारत होती. स्वतःच्या हातांनी केलेलं तिने केलं होतं की नाही, हे ती मला विचारत होती. आणि मी पट्टा आवळला आणि म्हटलं, "चला, आई थांबलीय."

मुलं विसरतात असं मी तुला जानेवारीत लिहिलं. हा प्रश्न मी एक दिवसही विसरले नाही, ती कशी विसरेल?

का सांगितलं नाही, याला माझ्याकडे बरं कारण नाही. सगळ्या पालकांसमोर मान खाली घालायची नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे, आई गेल्यावर तू कुठलीही गोष्ट मला विचारून करतेस, आणि मला ते आवडतं. ते जाईल अशी भीती वाटली. पालकांच्या सभेत दर वर्षी उभी राहून मी सांगते, मुलांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या मुठीत तुझ्या पोरीचा हात अडकून होता.

ती वाटी तिने नेली नाही, खुर्चीवरच ठेवून गेली. गेलं वर्षभर ती वर्गाच्या फळीवर आहे. मोठ्या बाई ज्याला नमुना म्हणतात तो तोच. यंदाच्या मुलांना मी ती दाखवून सांगितलं, "बघा, अशी सुबक करायची."

आता तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. मला वाईट वाटेल, खूप वाटेल, पण ते माझं मी बघेन. सोबतचा कागद मात्र तिला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस आणि माझ्या बाजूने काही घालू नकोस.

ताई

(सोबतचा कागद)

भिंगरी,

तू मला विचारलं होतंस, "केलं होतं ना?" त्याचं उत्तर आज देते. हो. तू केलं होतंस. अंगठ्यासाठी खड्डा केला होतास आणि धरायला कान केला होतास. दोन्ही मी पाहिले होते. ते मी मोडले, तुला न विचारता. मग सगळ्यांसमोर खोटं बोलले, आणि माफी तुला मागायला लागली. ती माफी चुकीच्या माणसाने मागितली. आता मी मागते. मला माफ कर.

तू केलेलं आपोआप बदलत नाही. ते मी बदललं होतं.

मावशी


१४ मार्च, शुक्रवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी दारात पोस्टमन दिसला की हातातलं टाकून पुढे होते.

या पत्रासोबत एक डबा पाठवते आहे. तो भिंगरीला दे. आत काय आहे ते आधी तुला सांगते, नाहीतर चिखल समजून फेकून देशील.

मंगळवारी मी ती फळीवरची वाटी काढली आणि पाण्याच्या बादलीत सोडली. सगळी मुलं बादलीभोवती उकिडवी बसली. भट्टीत न भाजलेली माती कितीही वाळली तरी पाण्यात टाकली की परत माती होते, हे त्यांना सांगून पटलं नसतं, म्हणून काही सांगितलंच नाही. आधी बुडबुडे आले. मग काठ झडला. मग भिंती पाघळत खाली बसल्या. अर्ध्या तासात वाटी नव्हती. किटलीने बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि जाहीर केलं, "कुठे गेली नाही. इथेच आहे, पण झोपलीय." मुलांना अजिबात वाईट वाटलं नाही. वाईट मला एकटीलाच वाटलं, आणि ते वाटीसाठी नव्हतं.

मोठ्या बाई येऊन म्हणाल्या, "अहो ताई, नमुना बुडवलात? आता मुलं कशाकडे बघून करणार?" मी म्हटलं, "ज्याला द्यायची त्याच्याकडे बघून." त्यांना ते पटलं नाही. मलाही बोलून झाल्यावरच सुचलं.

वरचं पाणी काढलं, खालचा गाळ फडक्यावर पसरून तीन दिवस सुकवला, आणि गोळा होण्याइतका घट्ट झाल्यावर ओल्या कापडात बांधून डब्यात ठेवला. मळलेला नाही. हवेचे बुडबुडे असतील, त्याने वाटी फुटूही शकते, म्हणून मळून पाठवावा असं फार मनात आलं. नाही मळला. कापड धरून चारी बाजूंनी उचलला, बोट लावलं नाही. ही तिचीच माती आहे. त्यातच तो कान आहे आणि त्यानेच तो खड्डा भरला होता.

तिने काही केलं नाही तरी चालेल. डबा नुसता पडून राहू दे. कापड वाळायला लागलं की पाणी शिंपड, एवढंच.

ताई


२८ मार्च, शुक्रवार

धाकटे,

पाहुण्यांचा दिवस झाला. वर्ग झाडून काकू आत्ताच गेल्या, मी एकटीच लहानशा खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून लिहितेय.

यंदा ट्रेमध्ये एकवीस वाट्या होत्या आणि त्यांतल्या कुठल्याही दोन एकसारख्या नव्हत्या. एक बशीसारखी सपाट होती, तिच्यातून मनुका घरंगळत होत्या. एकीला बूडच नव्हतं, ती मुलीने आजीच्या तळहातावर ठेवली आणि वरून मनुका घातल्या, म्हणजे आजीचा हात हेच बूड. एक तर सगळ्यांसमोर मधोमध दुभंगली. तो मुलगा दोन्ही तुकडे हातात घेऊन म्हणाला, "आता बाबांना एक, मला एक."

मोठ्या बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "यंदा वाट्यांना काय झालं?"

"यंदा मुलांनी केल्या," मी म्हटलं.

मग पालकांना बोलावून मी गेल्या तीस वर्षांचं सांगितलं. फार लांबण लावली नाही. वाट्या मी नीट करत होते, गेल्या वर्षी एक मुलगी खरं बोलली आणि मी तिला खोटं पाडलं, एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. एका आईने तोंड वाकडं केलं, तिच्या थोरल्या मुलाची वाटी तिने कपाटात जपून ठेवलीय. ती म्हणाली, "म्हणजे ती तुमची?" मी हो म्हटलं. किटलीच्या आजोबांनी कानातलं मशीन काढून वाटीच्या खिशात ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी यातलं अक्षर ऐकलं नाही. मनुका खात ते मजेत हसत होते.

मार्च संपत आला. तिथल्या शाळेने भिंगरीचं काय ठरवलं असेल हे दिवसभर डोक्यात होतं. विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारलं असं समज.

ताई


२१ एप्रिल, सोमवार

धाकटे,

तुझं पुडकं आज शाळेच्या पत्त्यावर आलं. घरी पाठवलं नाहीस, ते समजलं.

तुझी चिठ्ठी इतक्यांदा वाचली की पाठ झालीय. "पत्र वाचल्यावर दोन दिवस मला तिच्याकडे बघवलं नाही. मग मी तिची माफी मागितली, कारण दंड मी धरला होता. तुझा कागद वाचून दाखवला, मधलं काही गाळलं नाही. ती म्हणाली, 'मला माहीत होतं.' आणि लगेच, 'मला माहीत नव्हतं.' मग रडली. डबा आठ दिवस नुसता उघडून बघायची. नवव्या दिवशी वाटी केली. ती फुटली. परत केली. अंगठा बसतो, ताई. चहा घेता येत नाही, पण रोज हातात घेऊन बसते. पुढच्या वर्गात घेतलंय तिला. ती वाटी तुला बघायला पाठवणार नाही, तू हात लावशील. तुझ्याशी बोलायचं मला अजून जमत नाही. जमेल तेव्हा फोन करेन, तू करू नकोस. उरलेल्या मातीचं तिने तुझ्यासाठी काहीतरी केलंय. काय आहे ते मलाही सांगत नाही."

बरोबर आहे तुझं. सगळंच बरोबर आहे. फोन करणार नाही. "अंगठा बसतो, ताई" एवढं लिहिताना तू मला ताई म्हणालीस, तेवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढेन.

तिने केलेलं जे काही आहे ते मी फळीवर ठेवलंय, नमुना होता त्याच जागी. मुठीएवढं आहे. एका अंगाला चपटं, वर दोन उंचवटे, मध्ये बोटाने पाडलेलं छिद्र, पण आरपार नाही. खाली गोगलगाय. एका कडेला मातीचा कण सुटून वर आलाय, अगदी टोचेल असा. उन्हाळी वर्गाची मुलं भोवती जमली. कुणी म्हणालं बटाटा, कुणी म्हणालं बूट, एकीच्या मते झोपलेला कुत्रा. किटलीने नीट निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन समजावणीच्या सुरात सांगितलं, "ताई, हे वाकडं झालंय. इथे जरा पाणी लावून बोट फिरवलं की होईल नीट. तुम्हाला येतं ना?"

येतं रे बाबा. मला तेवढंच तर येतं. माझी बोटं अशी शिवशिवली म्हणून सांगू! मी दोन्ही हात मागे बांधले आणि त्याला म्हटलं, "ते असंच आहे."

तिला विचार, हे काय आहे म्हणून.

नाही, नको विचारूस. वरची ओळ खोडली आहे असं समज. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. फळीवरून मी ते हलवलेलं नाही, आणि तो टोचरा कणही जागच्या जागी आहे, एवढं फक्त तिला सांग.

ताई